गाडीवानाच्या जागेवर बसल्यावर

गेल्या महिन्यात एका गृहस्थांचा फोन आला. आमच्या कॉलनीतल्या कोणीतरी त्यांना माझा नंबर दिला होता. नवरा-बायको, दोन मुले, पचमढीला दोन रात्री. आमची कॅम्पर गाडी भाड्याने मिळेल का, अशी विचारणा होती. मी मनातल्या मनात भावाचा आकडा जुळवू लागले. पण भाव त्यांनी विचारलाच नाही. पहिला प्रश्न वेगळाच आला. “गाडी में टॉयलेट है ना? वापस आने के बाद साफ करने के लिए आपका आदमी होगा?”

विचार करून कळवते म्हणाले आणि फोन ठेवला. ‘आपका आदमी’ या दोन शब्दांवर मी तेव्हापासून अडून बसले आहे.

निवृत्त बाईची हौसेची गाडी भाड्याने द्यायची की नाही, हा काय जातिअंताच्या चळवळीपुढे मांडायचा प्रश्न आहे, असे कोणी म्हणेल. मलाही आधी तसेच वाटत होते. भाच्याने कागदावर हिशेब मांडला होता, मिस्टरांनी मान हलवली होती, माझेही जवळजवळ ठरले होते.

आम्ही मूळचे वर्धा जिल्ह्यातले. मी दूरसंचार खात्यात, मिस्टर रेल्वेत फिटर. भोपाळात येऊन चौतीस वर्षे झाली. २०२१ साली कोरोना ओसरत असताना एका डॉक्टरांकडून ही गाडी जुनीच घेतली. टेम्पो ट्रॅव्हलरची कॅम्पर करून घेतलेली होती. दोन पलंग, शेगडी, पाण्याची टाकी आणि मागच्या कोपऱ्यात फळीच्या दाराआड एक संडास. पलंग मिस्टरांनी स्वतःच्या हाताने पुन्हा बांधले. ग्रॅच्युइटीचे पैसे गाडीत घातले म्हणून नातेवाईक हसले. प्लॉट घ्यायचा सोडून गाडी कसली घेता?

पण प्रवास म्हणजे काय असतो हे ज्याचे त्याला ठाऊक. १९९२ साली एका तीर्थाच्या गावी लॉजच्या रजिस्टरवर मिस्टरांनी पूर्ण नाव लिहिले. मॅनेजरने नाव वाचले, किल्ली पुन्हा खिळ्याला अडकवली आणि खोली नसल्याचे सांगितले. ती रात्र आम्ही सासूबाईंना घेऊन फलाटावर काढली. धर्मशाळांच्या कमानींवर तर जातीच कोरलेल्या असतात, तिथे विचारायची गरजच पडत नाही. सासूबाई प्रवासाच्या दिवशी सकाळपासून पाणी पीत नसत. बाईमाणसाने रस्त्यात कुठे जायचे? आडोसा शोधायचा, त्यात कोणाच्या शेताच्या बांधाला पाय लागला की ओरडा खायचा. ही गाडी घेऊन आम्ही पहिल्यांदा सांचीला गेलो, मग हिवाळ्यात सारनाथ, बोधगया, कुशीनगर. एकोणऐंशी वर्षांच्या सासूबाई त्या प्रवासात पहिल्यांदा पोटभर पाणी प्यायल्या. मला गाडीची किंमत तिथे वसूल झाली.

अमेरिकेतल्या काळ्या लोकांनी हेच केले होते. रेल्वेत आणि बसमध्ये वेगळा डबा, मागची सीट. म्हणून ज्याला परवडे तो स्वतःची मोटार घेई. पण पेट्रोल कुठे मिळेल, रात्री कुठे झोपता येईल, हा प्रश्न उरेच. व्हिक्टर ग्रीन नावाच्या न्यूयॉर्कमधल्या टपाल कर्मचाऱ्याने त्यासाठी १९३६ पासून एक पुस्तिका काढली. ‘ग्रीन बुक’ या नावाने ती पुढची तीस वर्षे लोकांच्या मोटारीत होती. आपल्याकडे तशी पुस्तिका कोणी छापली नाही. आपण ती तोंडी चालवली. अमक्या गावात आपल्या माणसाचे घर आहे, तिथे उतरा.

आणि भाड्याची गाडी म्हटले की आपल्यापैकी कोणाला मसूरचे स्टेशन आठवणार नाही? १९०१ साल. बाबासाहेब नऊ-दहा वर्षांचे, सोबत घरचीच मुले. वडिलांना भेटायला कोरेगावला निघालेली. वडिलांना पत्र वेळेवर मिळाले नव्हते, त्यामुळे स्टेशनवर न्यायला कोणी नाही. चांगल्या कपड्यांमुळे स्टेशनमास्तरला ती ब्राह्मणांची मुले वाटली होती. महार म्हणताच त्याचा चेहरा बदलला. बैलगाड्या होत्या, पण एकही गाडीवान न्यायला तयार होईना. शेवटी तोड निघाली ती अशी: भाडे दुप्पट, गाडी मुलांनी हाकायची आणि गाडीवान सोबत पायी चालणार. ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’मध्ये हे सारे त्यांनी लिहून ठेवले आहे. त्यातच १९२९ च्या चाळीसगावची गोष्ट आहे. तेव्हा ते बॅरिस्टर झालेले, सरकारी समितीचे सदस्य. टांगेवाला टांगा द्यायला तयार होता, पण महाराला बसवून स्वतः हाकायला तयार नव्हता. मग वस्तीतल्याच एका माणसाने लगाम धरला, ज्याने आधी कधी टांगा हाकला नव्हता. नदीवरच्या पुलाशी चाक अडकले, बाबासाहेब दगडांवर फेकले गेले आणि त्यांचा पाय मोडला.

दोन्ही वेळा गाडी मिळाली होती, हे लक्षात घ्या. भाडे चालत होते, माणूस चालत नव्हता. आज ज्याला ‘सेल्फ ड्राइव्ह’ म्हणून हौसेने जास्त पैसे मोजतात, तो प्रकार आपल्या वाट्याला सव्वाशे वर्षांपूर्वीच आला होता, दुप्पट भावाने.

हे सगळे वाचताना मी नेहमी गाडीत बसलेल्या मुलांच्या बाजूने वाचत आले. फोन आल्यावर प्रथमच जाणवले की आता गाडी माझी आहे. कोणाला द्यायची, किती भावाने, कोणत्या अटीवर, हे मी ठरवणार. म्हणजे त्या चित्रात मी गाडीवानाच्या जागेवर आहे.

आधी पैशाचे आणि कायद्याचे सांगून टाकते, कारण बरेच जण तिथेच फसतात. गाडी वर्षातले तीनशे दिवस उभी असते. उभ्या गाडीलाही विमा लागतो, टायर बसतात, बॅटरी उतरते. भाच्याच्या हिशेबाने महिन्यातून दोन फेऱ्या मिळाल्या तरी खर्च निघून वर थोडे उरते. पण आमची नोंद खासगी वापराची आहे, नंबरप्लेट पांढरी. पांढऱ्या प्लेटची गाडी भाड्याने देता येत नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ६६ प्रमाणे परवाना लागतो, आणि तो नसेल तर कलम १९२-अ प्रमाणे पहिल्याच गुन्ह्याला दहा हजार रुपये दंड आणि सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. त्याहून मोठी गोष्ट विम्याची. खासगी पॉलिसीत भाड्याचा वापर धरलेला नसतो. उद्या घाटात काही झाले तर कंपनी हात वर करते आणि भरपाई मालकाच्या घरादारावर येते. ‘मित्राला दिली होती’ असे सांगून सुटू, असे खूप जण म्हणतात. पोलिसांपुढे तो मित्रच आधी सांगतो की किती रुपये दिले. चालकाविना भाड्याने द्यायची योजना १९८९ ची, तिला किमान पन्नास गाड्या लागतात, तेव्हा ती आपल्यासाठी नाही. उरला मार्ग एकच: व्यावसायिक नोंद, परवाना, नवा विमा, आणि गाडीबरोबर आपला चालक. भाचा गाडी चालवायला तयार आहे. त्याला नोकरी नाही, हेही या हिशेबात एक वजन आहेच.

मग भाच्याने जाहिरात लिहिली. “मावशी, नाव नुसते ‘सांची कॅम्पर’ ठेवू. आपले आडनाव कुठे नको. आणि मागच्या काचेवरचे ‘जय भीम’ काढू.” डॅशबोर्डवर बाबासाहेबांचा छोटा फोटो आहे, शेजारी बुद्धाची मूर्ती. “फोटो काढू, मूर्ती राहू दे. बुद्ध चालतो लोकांना.”

पोराचे चुकले असे मी म्हणणार नाही. त्याने बाजार ओळखला आहे. बुद्ध त्यांच्या बैठकीत शोभेला असतो, फिश टँकच्या शेजारी. बाबासाहेब मात्र बोलतात, म्हणून नको असतात. नाव पाहून नकार देणे हे काही आपल्याच देशात होते असेही नाही. हार्वर्डच्या अभ्यासकांनी अमेरिकेत एका भाड्याच्या घरांच्या ऑनलाइन बाजारात सारखीच माहिती वेगवेगळ्या नावांनी पाठवून पाहिली, तेव्हा काळ्यांची वाटणारी नावे असलेल्यांना होकार १६ टक्क्यांनी कमी मिळाले. आपल्याकडे दिल्लीच्या परिसरात भाड्याच्या घरांवर सुखदेव थोरात आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी असेच काम केले आणि जात व धर्म पाहून दारे कशी बंद होतात ते मांडले. तेव्हा भाच्याला मी एवढेच म्हटले की काचेवरचे अक्षर राहील. ज्याला ते वाचून गाडी नकोशी होईल, त्याच्यासोबत तुला दोन रात्री जंगलात राहायचे आहे का? यावर तो हसला. हा मुद्दा मला अवघड गेला नाही. इथे तर मी अजून गाडीतल्या मुलांच्याच बाजूची होते.

अवघड आहे तो संडास.

त्याची रचना सांगते. खाली साधारण वीस लिटरची एक पेटी असते, निळे औषध घातलेली. चार माणसांत दोन-तीन दिवसांत ती भरते. मग बाहेरच्या बाजूचे झाकण उघडून ती ओढून काढायची, उचलून न्यायची, योग्य संडासात ओतायची, दोनदा खळबळून धुवायची आणि औषध-पाणी घालून पुन्हा बसवायची. एकूण काम दहा मिनिटांचे. वास येतो, नाही असे नाही. आमच्या घरात पाळी ठरलेली आहे, एकदा मिस्टर, एकदा मी. सासूबाई होत्या तेव्हा त्या शेजारी उभ्या राहून औषधाचे झाकण मोजून देत.

युरोपात ही पेटी ज्याची तो रिकामी करतो. कॅम्पिंगच्या तळावर त्यासाठी जागा असते आणि चांगला मोठा पगार असलेला माणूसही सकाळी हातात पेटी घेऊन तिथे जातो. त्यात कोणाला काही वाटत नाही. तिथून गाडीची कल्पना आपल्याकडे आली, महाराष्ट्राने २०२१ मध्ये कॅरव्हॅन पर्यटनाचे धोरण काढले, केरळनेही त्याच साली काढले. गाड्या वाढतील, धंदा वाढेल. पण गाडीबरोबर ती सवय काही आली नाही. आपल्याकडे त्या सवयीच्या जागी ‘आपका आदमी’ आहे. तो कोण, हे विचारणाऱ्याला माहीत असते आणि ऐकणाऱ्यालाही. मध्य प्रदेशात त्याचे आडनाव विचारावे लागत नाही.

त्या गृहस्थांवर रागावून मी हा लेख इथेच संपवला असता तर बरे वाटले असते. पण त्याआधीची एक गोष्ट सांगायची राहिली आहे.

दोन वर्षांपूर्वी १४ एप्रिलला माझा मावसभाऊ कुटुंबासह महूला निघाला होता. बाबासाहेबांचे जन्मस्थळ, लाखोंची गर्दी, बायकामुलांचे हाल होतात. मी म्हटले, आपली गाडी घेऊन जा. घरचाच माणूस, भाड्याचा प्रश्नच नव्हता. परत आला तेव्हा पेटी काठोकाठ भरलेली. किल्ली हातात देताना म्हणाला, “ताई, ते मागचे कोणाला तरी बोलावून करून घे.” निळा गमछा अजून गळ्यातच होता. मिस्टर गावी गेलेले, माझी कंबर धरलेली. मी काय करावे? मी कोणाला तरी बोलावले.

गल्लीत झाडू मारायला येते तिला हाक मारली. काय काम आहे हे तिने विचारले नाही. मी गाडीच्या मागच्या बाजूला बोट दाखवले तेवढ्यावर तिला समजले. मी हातमोजे शोधायला आत गेले, बाहेर येते तो तिने पेटी ओढून काढलेली होती, उघड्या हातांनी. ती मी तिला आमच्या बाथरूममधून न्यायला सांगितली नाही. अंगणातल्या मागच्या संडासाकडे बोट दाखवले. तिला दोनशे रुपये दिले. तिने ते पदराला बांधले. चहा मी विचारला, कपही दिला, आमच्याच कपात दिला, आणि त्यावर मनातल्या मनात स्वतःची पाठही थोपटून घेतली.

आमच्या आजीच्या पिढीने मेलेली ढोरे ओढली. १९५६ नंतर ती सोडली आणि त्या सोडण्याची किंमत गावोगावी मोजली. हा आमचा अभिमान खरा आहे. पण मैल्याचे काम आमच्या वाट्याला नव्हते, आणि ज्यांच्या वाट्याला होते त्या मेहतरांच्या घरी आमच्या घरची माणसे पाणी प्यायची नाहीत, हेही तितकेच खरे आहे. बाबासाहेबांनी श्रेणीबद्ध विषमता म्हटली ती हीच. प्रत्येकाच्या पायाखाली आणखी एक पायरी. भाषणात आपण हे शब्द सहज म्हणतो. माझ्या अंगणात ती पायरी वीस लिटरच्या पेटीच्या रूपाने उभी होती आणि मी वरच्या बाजूला होते.

यावर मिळणारी उत्तरे मला पाठ आहेत. पैसे देतोय ना? दोनशेऐवजी पाचशे द्या, हातमोजे-मास्क द्या, मग काय अडचण? २०१३ चा हाताने मैला साफ करण्यावर बंदी घालणारा कायदाही साधने आणि संरक्षक साहित्य दिले की हा माणूस ‘हाताने मैला साफ करणारा’ ठरत नाही, असेच म्हणतो. पण पैसे आणि हातमोजे हे काम सुरक्षित करतात. ते कोणाचे, हे बदलत नाहीत. पाचशे रुपयांनी एवढेच होईल की मला झोप लागेल. उलट बाजूने कोणी त्या कामात पुण्य आहे, सेवा आहे असे सांगू लागले तर त्याचे उत्तर बाबासाहेबांनी गांधींना कधीच देऊन ठेवले आहे. पुण्य असेल तर ते आधी तुम्ही घ्या.

पेटी स्वतः रिकामी केली म्हणून मी सुटले, असेही नाही. ती आमच्या संडासात ओतते, तो सेप्टिक टँकला जातो, आणि टँक उपसायला येणाऱ्या मशीनच्या नळीशी पुन्हा त्याच वस्तीतली पोरे असतात. गटारात मरणाऱ्यांच्या कुटुंबाला दहा लाख द्या असे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये सांगितले, २०२३ मध्ये ती रक्कम तीस लाख केली. माणसे तरीही उतरवली जातात. माझ्या गाडीने तो प्रश्न सुटणार नाही. पण माझ्या गाडीमुळे आणखी एक जागा तयार होऊ नये, एवढे माझ्या हातात आहे.

म्हणून मी अट लिहिली. हिंदीत, मोठ्या अक्षरात, भावाच्याही वर. गाडी नेणारा परत आणताना पेटी स्वतः रिकामी करून, धुऊन देईल. कुटुंबातला कोणीही मोठा माणूस चालेल, नोकर चालणार नाही. निघण्याआधी आमच्याकडे पंधरा मिनिटे शिकवले जाईल. साफसफाईचा आकार नाही, कारण साफसफाई विकत मिळणार नाही. भाच्याने गाडी चालवायची, पेटीला हात लावायचा नाही. उद्या ‘आपका आदमी’ म्हणून तोच धरला जाईल. भाचा म्हणाला, “मावशी, या अटीवर कोणी येणार नाही.” मिस्टर म्हणाले, “मग उभी राहील. आताही उभीच आहे.” मावसभावालाही ही अट लागू आहे. त्याला ते कळवले, तेव्हापासून त्याचा फोन नाही.

पचमढीवाल्या गृहस्थांना मी अखेर फोन केला. परवाना हातात आला की देईन, पण अट ही आहे, असे सांगितले. ते एक क्षण गप्प राहिले. मग म्हणाले, “घर में पूछकर बताता हूँ.” अजून पूछत आहेत.

राहिली गल्लीतली ती. तिची माफी कशी मागायची, हे मला बरेच दिवस सुचत नव्हते. माफी मागणाऱ्याचाच त्यात जास्त फायदा असतो, असेही वाटे. परवा मी कागद चिकटवत होते तेव्हा ती झाडू बाजूला ठेवून वाचत उभी राहिली. आठवीपर्यंत शिकलेली आहे, हे मला तेव्हा कळले. मी त्या दिवसाचे बोलले, चुकले म्हणाले. तिने हो की नाही काहीच म्हटले नाही. तिची नजर भावाच्या ओळीवर होती. सांचीला एक दिवसाचे किती होतील, मुलांना दाखवायचे आहे. मी पटकन म्हणाले, तुला फुकट. ती माझ्याकडे वळली. “फ्री में नहीं, मैडम. रेट बताओ.”

मी भाव सांगितला, जो कागदावर होता तोच. तिने तो महाग असल्याचे सांगितले, शेजारच्या दोन घरांना मिळून घेतली तर जमेल म्हणाली. मग अटीवर बोट ठेवून म्हणाली, पेटीचे शिकवायचे असेल तर मला नको, मला येते. माझ्या नवऱ्याला शिकवा.

सोमवारी आरटीओत कागद द्यायचे आहेत.